आवाज : चारपैकी चार

नववीला भाषा शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे ‘घड्याळ’ म्हणत. त्यात राग नव्हता. माहितीपर भाषणांची परीक्षा आली, की सर टेबलावर स्टॉपवॉच ठेवत, गुणपत्रकाची गड्डी ठोकून सरळ करत, पेनाचं टोपण काढून मागे बसवत आणि “चल” एवढंच म्हणत. पाच मिनिटं झाली की त्यांचं बोट वर जाई. बोट वर गेल्यावर चालू वाक्य पुरं करायची मुभा होती, नवं सुरू करायची नव्हती. एकदा एक मुलगा ज्वालामुखीच्या अगदी तोंडाशी पोहोचला असताना बोट वर गेलं, आणि लाव्हा आतच राहिला.

गुणपत्रक सरांनी स्वतः आखलेलं होतं. विषयप्रवेशाला तीन, माहितीला पाच, मांडणीला चार, आवाजाला चार, नजरेला दोन, वेळेला दोन. एकूण वीस. त्याखाली शेऱ्यासाठी दोन ओळी. सव्वीस वर्षांत या दोन ओळींत त्यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य होतं, ‘आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.’

गेल्या वर्षापासून मुलांचे आवाज पुढच्या बाकावरूनही पोहोचेनासे झाले. सरांचं निदान असं, की ही पिढीच पुटपुटी निघाली. मग लक्षात आलं, की बँकेतला कारकूनही पुटपुटतो, बातम्या देणारी बाईही पुटपुटते, आणि तीस वर्षं स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी स्वतःची बायकोसुद्धा पुटपुटायला लागली आहे. एका दुपारी ती किल्ली विसरून बाहेर गेली आणि परत येऊन पाऊण तास दारावरची बेल दाबत राहिली. सर आत पेपर तपासत बसले होते. शेवटी शेजारच्यांच्या बाल्कनीतून तिने त्यांच्या पेपरांवर नेम धरून चप्पल फेकली. दुसऱ्या दिवशी त्यांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथे एका बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. सरांनी ती परीक्षा परीक्षेसारखीच मनावर घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिलेला माणूस, आपल्याला कमी पडू नयेत म्हणून अंदाजाने बटण दाबत सुटला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, आवाज नसताना तुम्ही अकरा वेळा बटण दाबलंत. असताना किती वेळा दाबलं ते त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही, फक्त कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली.

यंत्र आलं. नखाएवढं, कानामागे बसणारं. सरांनी ते कपाटात मोज्यांच्या मागे ठेवून दिलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आवाजाचे चार गुण ज्याच्या हातात, त्यानेच कानात यंत्र खुपसून वर्गात बसायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. निदान सरांना तरी ऐकू आलं नाही.

पहिल्या सत्रात सरांनी प्रामाणिकपणे, जे ऐकलं त्यालाच गुण दिले. म्हणजे सबंध वर्गाला आवाजात चारपैकी एक. पालक मुख्याध्यापिकांकडे गेले, मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं. त्यांनी एक गुणपत्रक समोर धरलं. ते भोंग्याचं होतं. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, या मुलाचा आवाज मला माझ्या खोलीत दार लावून बसले तरी ऐकू येतो, आणि तुम्ही त्याला एक गुण दिलात. थोडं सढळ व्हा.

सर सढळ झाले. दुसऱ्या सत्रात त्यांनी आवाजात सगळ्यांना चारपैकी चार द्यायला सुरुवात केली. विषयप्रवेश, माहिती आणि मांडणी यांच्या गुणांसाठी त्यांनी नवा नियम काढला, की भाषणाचं टिपण आदल्या दिवशी लिहून द्यायचं. टिपण घरी वाचून गुण घरीच ठरत. नजर आणि वेळ यांना कान लागत नाही. उरला भाषणानंतरचा प्रश्न. तो ते सगळ्यांना एकच विचारत, “ही माहिती कुठून मिळवलीस?” उत्तर काहीही आलं तरी “बरं” म्हटलं की भागे.

मुख्याध्यापिका खूश झाल्या. एका सत्रात अख्ख्या वर्गाचा आवाज एकावरून चारावर गेला, हे त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं. टिपण आधी मागवण्याची काटेकोर पद्धत इतर विषयांनीही उचलावी, असंही त्या म्हणाल्या. हे सरांना सभेचं इतिवृत्त वाचल्यावर कळलं. सभेत ते मान डोलवत बसले होते.

आणि खरोखरच मुलं बदलली होती, हे सरांनाही दिसत होतं. पूर्वी पोरं फळ्याला पाठ घासत, खिडकीकडे बघत बोलायची. आता टेबलाजवळ येऊन, तोंड समोर धरून, सावकाश बोलत. मुद्दा बदलला की बोटं वर करत, एक, दोन, तीन. अवघड शब्द आला की वळून फळ्यावर लिहीत. नजर तर अशी, की सरांच्या चेहऱ्यावरून हलत नसे. सरांनी एकदा घरी बायकोला सांगितलं, की ही तुकडी वेगळीच आहे, इतक्या वर्षांच्या कष्टाला आता कुठे फळ आलंय. बायको काहीतरी म्हणाली. सर “बरं” म्हणाले.

मग वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. तोंडी परीक्षांच्या गुणांत गडबड आहे अशा तक्रारी सगळीकडून येत असल्याने बाहेरचे तपासनीस शाळाशाळांत जाऊन शिक्षकाच्या शेजारी बसतील, त्याच भाषणांना स्वतंत्र गुण देतील आणि मग दोन्ही गुणपत्रकं ताडून पाहिली जातील. या शाळेची पाळी पुढच्या महिन्यात होती.

सरांनी त्या दिवसापासून केस कापणं बंद केलं. कानावर केस आले तेव्हा तपासनीस बाईंचा दिवस उजाडला. सकाळी त्यांनी मोज्यांच्या मागून डबी काढली, आरशासमोर उभं राहून यंत्र डाव्या कानामागे बसवलं आणि वरून केस ओढून घेतले. बायकोने पाहिलं. तिने चहा ढवळून पुढे ठेवला, तर तो चमचा देवळातल्या घंटेसारखा वाजला. रस्त्याने जाताना आपले बूट करकर वाजतात हे त्यांना समजलं. किती महिने वाजत होते कोण जाणे. शिक्षकांच्या खोलीत हे बूट आत शिरताच बोलणी का थांबत, याचाही उलगडा झाला.

तपासनीस बाई ठरल्या वेळेच्या आधी येऊन बसल्या होत्या. बारीक चष्मा, मांडीवर पुठ्ठ्याची फाइल, चेहऱ्यावर दहा शाळांचा कंटाळा. सरांनी आपली खुर्ची अशी ठेवली, की डावा कान भिंतीकडे राहील. त्या दिवशी सहा भाषणं होती. पहिली पाळी चिमणीची.

चिमणी म्हणजे पुढून दुसऱ्या बाकावरची, ठेंगणी, एवढ्याशा आवाजाची मुलगी. तिला हे नाव वर्गानेच दिलं होतं. सरांनी तिला या सत्रात आवाजात चार दिले होते, पण तिचा आवाज कसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ती उठून पुढे यायला निघाली, आणि मागच्या बाकांवरून भोंगा कुजबुजला. भोंग्याची कुजबुज ती, पण तरी कुजबुजच. गेल्या वर्षभरात सरांपर्यंत न पोहोचलेली.

“सरांकडे तोंड कर. ओठ दिसू देत.”

चिमणी न वळता म्हणाली, “मला काय शिकवतोस? मीच शिकवलंय तुम्हाला.”

सरांच्या हातातलं पेन गुणपत्रकावर टेकलं आणि तिथेच शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी मान वर केली नाही. टेबलाजवळ येणं, समोर धरलेली तोंडं, वर होणारी बोटं, फळ्यावरचे शब्द, हलत नसलेली नजर, सगळं एका झटक्यात त्यांच्या ध्यानात आलं. सव्वीस वर्षांत आपल्या वर्गात आपल्याला उठून बाहेर जावंसं वाटण्याची ही पहिलीच वेळ. पण शेजारी तपासनीस बाई बसल्या होत्या आणि समोर मुलगी उभी होती. त्यांनी स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाले, “चल.”

चिमणी कपड्यांवरच्या डागांवर बोलली. तिच्या आत्याची लाँड्री होती. रक्ताच्या डागावर गरम पाणी घालू नये, डाग कापडात बसतो. तेलाच्या डागावर आधी पावडर टाकावी, मग धुवावं. शाईचा डाग चोळायचा नाही, टिपायचा. सगळ्यात अवघड डाग कुठला, तर ज्याचा मालक तो कशाचा आहे हे खरं सांगत नाही तो. तिथे बाई हसल्या. चिमणीचा आवाज किंचित घोगरा होता, लहान होता, पण प्रत्येक शब्द वेगळा निघत होता, निवडून ठेवल्यासारखा. सरांनी तो पहिल्यांदा ऐकला. पाच मिनिटं झाली तेव्हा बोट वर करायला ते विसरले, मग दहा सेकंदांनी केलं.

बाकीची पाचही भाषणं तशीच झाली. बाईंचा कंटाळा दुसऱ्या भाषणात उतरला, चौथ्यात त्या पुढे सरकून बसल्या. शेवटी गुणपत्रकं शेजारी शेजारी मांडली, तर सहा मुलांत मिळून सरांच्या आणि बाईंच्या गुणांत फरक होता दीडाचा. बाई म्हणाल्या, इतका जुळणारा निकाल त्यांनी कुठे पाहिला नव्हता. मग वर्गासमोरच त्यांनी सरांना विचारलं, “इतकं स्पष्ट, समोर बघून बोलायला मुलांना शिकवलंत कसं तुम्ही?”

भोंगा बाकाची कड खरवडू लागला. चिमणी स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

सर म्हणाले, “बाई, मला ऐकू येत नाही.”

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा खुलला. “वा,” त्या म्हणाल्या, आणि फाइल उघडून भराभर लिहू लागल्या. सरांनी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, पण मुख्याध्यापिका चहाला बोलवायला दारात आल्या होत्या. बाई लिहीत लिहीतच बाहेर पडल्या.

दार लागल्यावर सरांनी केस मागे सारले, यंत्र काढलं आणि टेबलावर स्टॉपवॉचच्या शेजारी ठेवलं. मग लक्षात आलं की आता मुलं काय म्हणतील ते ऐकू येणार नाही. म्हणून परत घातलं. कुणी हसलं नाही.

“आज सकाळपासून मला ऐकू येतं,” ते म्हणाले. “मागच्या बाकावरचंही. तुम्हाला कधी कळलं?”

भोंगा उभा राहिला. “माझ्या भाषणाच्या वेळी, सर. भूकंपावरच्या.”

“त्यातलं मी एक अक्षरही ऐकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.”

“तसं नाही, सर. मी बोललोच नव्हतो.”

“म्हणजे?”

“नुसतं तोंड हलवलं. पाच मिनिटं. हात पण केले.” त्याने कसे ते थोडंसं करून दाखवलं. “पैज लागली होती.”

सरांना ते भाषण आठवलं. जमीन दुभंगताना मुलाने दोन्ही हात असे काही फाकवले होते, की त्यांनी शेरा लिहिला होता, ‘आवाज खणखणीत. विषयाला साजेसा.’ तो शेरा वर्गभर फिरला असणार. त्यांनी विचारलं, की मग तक्रार का केली नाहीत कुणी. भोंग्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यावर वर्गात चर्चा झाली होती. पण तक्रार केली तर नवे सर येणार, आणि ते सगळं ऐकणार.

सरांनी चिमणीकडे पाहिलं. तिच्याकडून काहीतरी बरं ऐकायला मिळेल अशी त्यांना उगाच आशा होती.

“आणि आवाजाचे चार मिळत होते, सर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “माझ्या आजोबांना ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलताना ओरडायचं नसतं. ओरडलं की ओठ वाकडे होतात. ते मी सगळ्यांना सांगितलं. नाहीतर हे नुसते बोंबलत होते.”

“आजोबा यंत्र घालत नाहीत?”

“त्यांचं कपाटात आहे. चष्म्याच्या जुन्या डबीत.”

“माझं मोज्यांच्या मागे होतं,” सर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी वर्ग अर्धा तास आधी सोडला. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लिहिली, की तपासनीस बाईंसमोरची सहा सोडून सत्रातली बाकीची सगळी भाषणं पुन्हा होतील, आणि गुण नव्याने लागतील. वर्गाने असा सुस्कारा सोडला, की तो यंत्राशिवायही ऐकू आला असता.

पुढचे पंधरा दिवस सर ऐकत होते. वर्षभरात वर्गात काय काय सांगितलं गेलं असेल या विचाराने त्यांच्या अंगावर काटा येई. टिपणात सरळ असलेली माहिती तोंडातून निघताना पार वाकडी होऊन निघत होती. एका मुलीने ‘तज्ज्ञांच्या मते’ असं आठ वेळा म्हटलं, आणि ते तज्ज्ञ कोण असं विचारल्यावर तिच्या मामाचं नाव सांगितलं. भोंग्याने या खेपेला भूकंप आवाजासकट केला, तेव्हा बिनआवाजी भाषणाला तयारी लागली नव्हती हे उघड झालं. त्याला वीसपैकी नऊ मिळाले, त्यातले चार आवाजाचे. तो गुणपत्रक बघून म्हणाला, “बरोबर आहे, सर,” आणि जागेवर जाऊन बसला.

वर्गाची सरासरी साडेतीन गुणांनी घसरली. पालक मुख्याध्यापिकांकडे गेले. मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं, पण त्यांच्या हातात पालकांचा अर्ज नव्हता, तपासनीस बाईंचा अहवाल होता. त्यांनी तो वाचून दाखवला. ‘सदर शिक्षक वर्गात स्वतःला ऐकू येत नाही अशी भूमिका सातत्याने वठवतात. परिणामी विद्यार्थी स्पष्ट उच्चार, समोरासमोर नजर आणि दृश्य साधनांचा वापर आपोआप आत्मसात करतात. ही अभिनव पद्धत सर्व शाळांत राबवण्याची शिफारस करण्यात येत आहे.’

“ही पद्धत मला कधी बोलला नाहीत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना थोडं लागलेलं दिसत होतं.

“मॅडम, ही पद्धत नाही. मला खरंच ऐकू येत नाही.”

“आता माझं बोलणं ऐकताय ना?”

सरांनी केस बाजूला केले. मुख्याध्यापिकांनी यंत्राकडे पाहिलं, मग अहवालाकडे, मग दाराकडे. उठून दार लावून आल्या.

“या शिफारशीचं पत्र सगळ्या शाळांना गेलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “वरून कौतुक आलं की ते परत कसं पाठवतात, मला माहीत नाही. तुमची तीन वर्षं राहिलीत ना? केस असेच राहू द्या.”

सर त्याच संध्याकाळी न्हाव्याकडे गेले. न्हावी कात्री चालवताना जन्मभराची बडबड करत होता. सरांनी ती सगळी ऐकली आणि उठताना त्यांना वाटलं, इतके दिवस आपण फार काही गमावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात त्यांच्यासाठी फोन आला. पलीकडच्या भागातल्या एका शाळेतली शिक्षिका होती, नवी, नम्र. त्यांच्याकडे पत्र आलं होतं आणि सोमवारपासून प्रयोग सुरू करायचा होता. अडचण अशी होती, की तिला सगळं ऐकू येतं. मुलं पुटपुटली तरी ती चुकून उत्तर देऊन बसते. सरांनी हे कसं साधलं, आणि सुरुवात दोन्ही कानांनी केली का एकाने?

सरांनी तिला खरं सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य संपताच ती आदराने हसली आणि म्हणाली, “सर, तुम्ही फोनवरसुद्धा भूमिका सोडत नाही.” मग तिने सगळं लिहून घेतलं: कानांची तपासणी, बायकोने फेकलेली चप्पल, मोज्यांमागची डबी. फोन ठेवताना तिने मनापासून आभार मानले.

सर वर्गात आले. फेरपरीक्षेची शेवटची तीन भाषणं उरली होती. पहिल्या मुलाचा विषय कुलपं हा होता. सरांनी स्टॉपवॉच ठेवलं, पेनाचं टोपण मागे बसवलं आणि “चल” म्हणाले. मुलगा खिडकीकडे बघत सांगू लागला, की जगातलं पहिलं कुलूप त्यांच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याच्या पणजोबांनी बनवलं, आणि त्याआधी लोक दारं उघडीच ठेवत. सरांनी माहितीच्या पाचातले दोन तिथेच कापले आणि खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली, कारण पणजोबांना ते सुचलं कसं हे तो आता सांगणार होता.